गुन्ह्याच्या बातमीत जमातीचे नाव नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या गावात दरोडा पडला की दुसऱ्याच दिवशी 'पारधी टोळीवर संशय' असा मथळा मराठी वृत्तपत्रांत आजही दिसतो. तोवर आरोपी सापडलेला नसतो, ओळख परेड झालेली नसते. जमात मात्र ठरून गेलेली असते. ही पद्धत थांबावी, यासाठी हे पत्र.

हे नाव बातमीत बहुधा पोलिसांच्या प्रेसनोटमधून किंवा ठाण्यातल्या तोंडी माहितीतून येते. घटनेनंतर जवळच्या वस्तीवर, पालांवर कोम्बिंग म्हणजे झडतीची मोहीम होते आणि 'रेकॉर्डवरचे' म्हणून तरुण उचलले जातात. अनेकदा स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, त्यांची नोंदच होत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची चोवीस तासांची मुदत मग कागदोपत्री अटकेपासून मोजली जाते आणि आधीचे दिवस कुठेच दिसत नाहीत. उकल न झालेले जुने गुन्हेही त्यांच्याच माथी मारले जातात. पुढे निर्दोष सुटले तरी ठाण्यातले रेकॉर्ड पुसले जात नाही, आणि पुढच्या वेळी त्याच रेकॉर्डवरून पुन्हा उचलाउचली होते.

यातून काय घडते, ते नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात दिसले. दरोडा, खून आणि बलात्काराच्या आरोपावरून भटक्या जमातींतल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते; त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. या माणसांची सोळा वर्षे तुरुंगात गेली, आणि ज्या कुटुंबावर तो प्रसंग ओढवला त्यालाही न्याय मिळाला नाही. जमात पाहून तपास केला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, हे पोलिसांनी आणि पत्रकारांनी दोघांनीही ध्यानात घ्यावे.

या संशयाची मुळे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. नोंदवलेल्या जमातींवर पोलिसांकडे हजेरीची सक्ती आली आणि सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे त्यांना डांबून ठेवणारी वसाहत, उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या, पण १९५९ मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पाळत कायम राहिली.

जी नजर पोलिसांची, तीच हळूहळू गावाची होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा परिसरातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. हा समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतो. त्यामुळे अनुसूचित जाती-जमातींना मिळणारे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्यांना नाही.

विमुक्त-भटक्यांमध्ये राजकारणाविषयी जी निराशा आहे, तिचे कारण इथेच सापडते. राज्यात विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमाती (ब) ला २.५ टक्के आरक्षण आहे. केंद्रात यांतल्या बहुतेक जमाती ओबीसींत जातात, आणि विधानसभेत राखीव जागा एकही नाही. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा कधी शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, नंतर इदाते आयोगाचाही आला. शिफारशी बहुतांशी कागदावरच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग नियमावल्यांमधल्या जातीवर आधारित तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. गुन्हेगारी कृत्याशी जातीचे नाव जोडणे टाळावे, असे प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते.

आपल्या उपसंपादकांनी प्रेसनोट हातात आली की संशयितांच्या जमातीचा उल्लेख काढून टाकावा. जमातीवर अन्याय झाल्याची बातमी असेल तर मात्र नाव हवेच, तिथे ते लपवू नये. वार्ताहराने ठाण्यात तीन गोष्टी विचाराव्यात: ताब्यात कधी घेतले, डायरीत नोंद किती वाजता झाली, नातेवाइकांना कोणी कळवले. उत्तर मिळाले नाही तर तसे छापावे. आणि अटकेची बातमी ज्या पानावर, जेवढ्या जागेत आली असेल, निर्दोष सुटल्याची बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यावी.

आपले,
विमुक्त-भटक्या समाजात कायदेविषयक मदतीचे काम करणारे कार्यकर्ते