पाकिटातल्या चार गोळ्या

खानापूर,
शनिवार सकाळ

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली अर्जुन झाडाच्या कॅप्सुलांची बाटली सोमवारी पोचली. सोबतची चिठ्ठी आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. काल संध्याकाळी तिच्या गोळ्यांचं पाकीट सहज हातात घेतलं आणि छातीत धस्स झालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या चार दिवसांच्या जागा तशाच भरलेल्या. विचारलं तर म्हणाली, "पोरानं लिहिलंय, झाडाच्या औषधानं हृदयाच्या पेशी वाचतात. मग एवढ्या गोळ्या कशाला खायच्या?"

बाळा, हृदयाच्या शिरेत स्टेंटची जाळी बसून अजून पाच महिनेही झाले नाहीत. त्या जाळीवर गुठळी धरू नये म्हणून ती गोळी आहे. मधेच सोडली तर जाळी एकाएकी तुंबू शकते. रात्रीच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशी गोळी पुन्हा सुरू केली. आई बरी आहे.

तू लिहिलंस ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, म्हणून उरलेलं अर्धं मी लिहितो.

रक्त अडलं की हृदयाच्या पेशीतली ऊर्जा संपत जाते आणि आम्ल साठतं. ते बाहेर टाकताना सोडियम आत येतं, त्यामागून कॅल्शियम. नवल पुढे आहे. रक्त परत सुरू झालं की पेशी सावरायला हवी, पण परतलेल्या त्या ऑक्सिजनमधूनच मुक्त मूलकांचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या कणांचा, लोंढा उठतो. तंतुकणिका, म्हणजे तुमच्या भाषेत मायटोकाँड्रिया, कॅल्शियमने आधीच फुगलेल्या असतात. त्यांच्या पापुद्र्यातली छिद्रं उघडतात आणि वाचू शकल्या असत्या अशाही काही पेशी मरतात. उन्हाने भेगाळलेल्या वाफ्यात एकदम पाट सोडला की बांध वाहून जातो, तसं. म्हणून पाणी सोडूच नये असं मात्र नाही. शीर उघडली नाही तर सगळंच मरतं.

या लोंढ्याला वनस्पतींतली द्रव्यं आवर घालू शकतात, असं प्रयोगांत खरंच दिसतं. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, अर्जुनाच्या सालीतलं अर्जुनोलिक आम्ल. पण कुठे दिसतं ते बघ. पुष्कळदा एच-नाइन-सी-टू नावाच्या पेशींवर. त्या 1976 मध्ये उंदराच्या गर्भाच्या हृदयापासून वाढवल्या, प्रयोगशाळेच्या बशीत वाढतात, पण धडधडत नाहीत. त्यांना काही तास ऑक्सिजन कमी करतात, मग परत देतात, आणि द्रव्य बहुतेक वेळा त्याच्या आधीच घातलेलं असतं. तुझ्या आईला हृदयाचा झटका आला त्या रात्री आधी कुणी सांगितलं होतं? पाठ आणि जबडा दुखत होता, तिने पित्त समजून सुंठ-साखर खाल्ली आणि तास गेला. बेळगावचा रस्ता त्यानंतर धरला. त्या तासाची भरपाई करणारं द्रव्य मला माहीत नाही.

शिवाय बशीत द्रव्य थेट पेशीला भिडतं. कर्क्युमिन खाल्लं तर रक्तात फारच थोडं पोचतं. बशीतून माणसापर्यंतची वाट किती अवघड आहे, ते सायक्लोस्पोरिनने दाखवलं. मातीतल्या बुरशीपासून मिळालेलं ते औषध नेमकी तीच छिद्रं बंद ठेवतं. 2008 मध्ये 58 रुग्णांवर उपयोग दिसला, सगळ्यांना आशा वाटली. 2015 मध्ये 970 रुग्णांवर तपासलं, तेव्हा फायदा झाला नाही.

तरी माझा जीव झाडांतच आहे. मलप्रभेच्या काठाला कानडी माणसं ज्याला होळेमत्ती म्हणतात तोच आपला अर्जुन. होळे म्हणजे नदी. ऐन, हिरडा, बेहडा हे त्याच्याच घरचे. तुझी आज्जी त्याची साल दुधात उकळून द्यायची, आणि अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या आयुर्वेदाच्या ग्रंथातही अर्जुन हृदयासाठी सांगितला आहे. आईच्या गोळ्यांतली अ‍ॅस्पिरिनसुद्धा विलो नावाच्या झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनच्या वाटेनेच आली. पण तिची मात्रा ठरलेली आहे, ती हजारो माणसांवर तपासलेली आहे. तुझ्या बाटलीवर सालीचा अर्क एवढंच लिहिलंय, किती आणि कशाचा ते नाही. दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालेल का, तेही नाही. आणि झाडाचं म्हणजे निरुपद्रवी असं कधी समजू नकोस. आपल्या परसातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया हृदयावरच घाव घालतात, हे तू लहानपणापासून ऐकत आलास.

बाटली मी फेकलेली नाही. तपासणीच्या पिशवीत कागदांबरोबर ठेवली आहे, डॉक्टरांना दाखवतो आणि ते म्हणतील तसं करू. आईला मी हे एवढं सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल. तूच फोन कर. गोळ्या चुकवू नकोस, असं तुझ्या तोंडून ऐकलं की ती ऐकेल. रात्री आठनंतर कर, तेव्हा ती गोळ्या घेत असते.

तुझा
अप्पा