मंत्रिमहोदय, डबे नको, घर मोजा

माननीय माहिती आणि प्रसारण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सेट टॉप बॉक्सच्या मागून एक वायर निघते. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची. भिंतीच्या कडेने, चौकटीवरून ती आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीत जाते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आई आतच पडून असते, तिच्यासाठी केलेली ही सोय. बाहेर जे चॅनल लागेल तेच आत दिसतं. तिला मालिका हवी असली की आतून हाक येते, "अरे, बदल रे जरा!" आणि ओव्हर संपेपर्यंत बाहेरचं कुणी हलत नाही. चित्र दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं येतं. बातम्या देणारी मुलगी फार वाळलीय, असं आईचं मत आहे.

केबलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दुसरा डबा घ्या, पॅक वेगळा मारावा लागेल." मी म्हटलं, घर एकच, नाव एकच, तेच चॅनल दोनदा विकत का घ्यायचे? त्यावर त्याचं उत्तर: "सिस्टीमला घर दिसत नाही साहेब, डबा दिसतो."

तो अगदी नियमाला धरून बोलला. ट्राय म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणारी सरकारी संस्था. तिच्या 2017 च्या इंटरकनेक्शन नियमावलीत 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या आहे. त्या व्याख्येनुसार ग्राहकाने सांगितलेल्या जागी असलेला प्रत्येक सेट टॉप बॉक्स म्हणजे एक ग्राहक. म्हणजे आईसाठी डबा घेतला की आमच्या घरात दोन ग्राहक राहायला लागतात. त्याच व्याख्येत, ग्राहकाने सेवा पुढे दुसऱ्या व्यक्तीला पाठवू नये, असंही आहे. आई 'दुसरी व्यक्ती' ठरते का, याचा उलगडा मला झालेला नाही.

ॲनालॉगच्या काळात हा प्रश्नच नव्हता. एक स्प्लिटर लावला की दोन्ही खोल्यांत टीव्ही चालू. पडद्यावर थोड्या मुंग्या यायच्या, त्या चालवून घ्यायचो. 2012 मध्ये महानगरांपासून डिजिटायझेशन सुरू झालं, 2017 पर्यंत ते देशभर पोचलं आणि सिग्नलला कुलूप लागलं, डब्याशिवाय चित्र दिसेना. कुलूप लावण्यामागचं कारण मला मान्य आहे. किती घरांत केबल जाते हे खाली लपवलं जायचं आणि वर, चॅनल कंपन्यांना, कमी आकडा कळवला जायचा. पण लबाडी आकडा लपवणाऱ्यांची होती. तिचा बंदोबस्त करताना आतल्या खोलीतल्या टीव्हीवरही भुर्दंड बसला.

दुसरा टीव्ही वेगळा धरायला हवा, हे ट्रायला पटलंही होतं. 2020 च्या सुधारणेत घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क (चॅनलच्या किमतीखेरीज, सिग्नल घरात पोचवण्याचे दरमहा पैसे) पहिल्याच्या 40 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, असं ठरलं. पहिल्याला 200 चॅनलपर्यंत कमाल 130 रुपये, म्हणजे दुसऱ्याला 52, वर 18 टक्के जीएसटी. ही सवलत फक्त नेटवर्क शुल्कापुरती होती. खरा खर्च पे चॅनलांचा, आणि तिथे दुसऱ्या डब्यासाठी पुन्हा पहिल्यापासून हिशोब. पुढे 2024 मध्ये नेटवर्क शुल्कावरची 130 रुपयांची मर्यादाच उठवली गेली.

आता आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या प्रसार भारतीची डीडी फ्री डिश बघा. महिन्याचं भाडं नाही. छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी (सिग्नल पकडणारा भाग) बसवा, दोन वायरी ओढा, दोन डबे लावा. कोणी मोजायला येत नाही. अर्थात तिथले चॅनल फुकटच असतात, तेव्हा तुलना पुरती जुळत नाही. पण दुसऱ्या खोलीत चित्र पोचवायला दर महिन्याला वेगळे पैसे लागत नाहीत, एवढं तरी त्यातून दिसतं.

कंपन्यांची एक भीती खरी आहे. दुसरा डबा स्वस्त केला तर तो शेजारच्या घरात जाईल आणि दोन घरं एका वर्गणीत टीव्ही बघतील. असं होईलच. पण वायर ओढायला केबलचाच माणूस येतो. ती कुणाच्या दारातून आत जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? एका पत्त्यावर दोन किंवा तीनच डबे, अशी मर्यादा घाला. पहिल्या डब्यावर घेतलेलेच चॅनल दुसऱ्यावर दिसतील, अशी अट घाला. डब्याची किंमत आणि बसवण्याची मजुरी घ्या, त्याबद्दल तक्रार नाही. चॅनलचे पैसे मात्र घराकडून एकदाच घ्या.

नियम ट्रायचे असतात, हे मी जाणून आहे. पण ट्रायकडे शिफारशीसाठी विषय आपलं मंत्रालय पाठवू शकतं. 'ग्राहक' या व्याख्येतलं, प्रत्येक डबा म्हणजे एक ग्राहक, हे एक वाक्य आपण पाठवावं, एवढीच विनंती.

तोवर आमची वायर आहेच. रिमोट तेवढा बाहेर असतो.

आपला,
एक ग्राहक (सध्या एकच)