साहेब, आधी कागद पाठवा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीतला इंटरनेटवाला. पंचवीस वर्षांपूर्वी गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या काळ्या वायरी ओढायचो, आता त्याच गच्च्यांवरून फायबर ओढतो. लोक अजून ‘केबलवाला’च म्हणतात, माझी हरकत नाही. ऐरोली, दिघा आणि घणसोलीचा थोडा भाग मिळून दोन हजारांच्या आसपास ग्राहक आहेत. हाताखाली पाच पोरं, फायबर जोडायची दोन स्प्लायसिंग मशीन आणि रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक जेसीबीशी उभं वैर. शेजारी ठाणे-बेलापूर रस्त्याला मोठमोठी डेटा सेंटर आहेत, त्यांच्याकडे वकिलांची फौज असेल. माझ्याकडे एक अकाउंटंट येतो, तोही आठवड्यातून दोनदा.

पोलीस आमच्याकडून ग्राहकांची माहिती कशी मागतात, त्याबद्दल लिहितोय. का मागतात, त्याबद्दल नाही. शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली आयुष्याची पुंजी गमावलेले म्हातारे माझ्याही सोसायटीत आहेत. चोर पकडायला माझ्या नोंदी लागणार असतील तर त्या मिळाल्याच पाहिजेत.

पण झालं ते असं. दीड वर्षापूर्वी रात्री जेवायला बसलो होतो. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर मेसेज आला. एक आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एक तारीख, वेळ २१:४०, आणि खाली ‘कस्टमर डिटेल्स अर्जंट पाठवा’. गुन्हा क्रमांक नाही, सही नाही. फोन केला तर पलीकडून एका पोलीस ठाण्याचं नाव सांगितलं गेलं. मी म्हटलं, साहेब, पोर्ट नंबर द्या. ते म्हणाले, कसला पोर्ट? तपासाचं काम आहे, उद्या तुम्हालाच बोलवू का?

पोर्टचं सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस जगात संपत आलेत आणि विकत घ्यायचे तर महाग. म्हणून आमच्यासारखे एकाच पब्लिक आयपीमागे पन्नास-साठ घरं बसवतात. त्याला सीजी-नॅट म्हणतात. चाळीला एकच पत्ता असतो आणि खोली नंबरावरून घर कळतं, तसा पोर्ट हा खोली नंबर. तो नसेल तर मी फक्त चाळ दाखवू शकतो. शिवाय राउटर बंद होऊन चालू झाला की ग्राहक दुसऱ्याच चाळीत जाऊ शकतो, म्हणून वेळ सेकंदापर्यंत अचूक लागते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या रात्री मी घाबरलो, आणि त्या आयपीमागच्या एकसष्ट ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर आणि पत्ते एक्सेलमध्ये भरून त्याच व्हॉट्सॲप नंबरवर पाठवून दिले. एकसष्ट घरं! ताटातली भाजी गार व्हायच्या आत.

पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यातल्या काहींना फोन गेले. सेक्टरात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंना तीनदा बोलावलं. सकाळच्या डब्यांची वेळ सोडून त्या बाकावर बसून राहिल्या. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, “दादा, माझा नंबर तुम्ही दिला का?” मी म्हणालो, वरून गेला असेल. खोटं बोललो. हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल, तर येऊ दे.

खरी गंमत नंतर कळली. दुसऱ्या एका अधिकाऱ्यांनी त्याच प्रकरणात व्यवस्थित ईमेल केला, सोबत ज्या परदेशी कंपनीकडून तो आयपी मिळाला होता, तिच्या उत्तराची प्रत जोडलेली. त्यात वेळ २१:४० होती, पुढे तीन अक्षरं होती : यूटीसी. या कंपन्या जागतिक वेळ देतात. आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ती वेळ आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून १० मिनिटांची. मी एकसष्ट नावं दिली होती ती रात्री पावणेदहाची, सगळं घर टीव्हीसमोर असतं तेव्हाची. पहाटेच्या नोंदी काढल्या तर त्या आयपीमागची निम्मी घरं वेगळीच निघाली. पोर्ट मिळाल्यावर एकच घर उरलं. ताईंचा त्यात कुठेही संबंध नव्हता. त्यांना तसं सांगायला मात्र कुणी गेलं नाही.

साहेब, कायदा काय म्हणतो ते मी त्यानंतर शिकलो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला असा दस्तऐवज मागता येतो, पण लेखी आदेशाने. आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो. माझं म्हणणं एवढंच की तो आदेश असावा. ‘अर्जंट पाठवा’ हा आदेश नव्हे.

त्याच संहितेत पुढचं कलम ९५ वाचून तर मी हसलो. टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र किंवा पार्सल हवं असेल तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांनी तसं ठरवावं लागतं. फोन टॅप करायचा तर एरवी गृहसचिवांची मंजुरी आणि वर आढावा समिती. म्हणजे पोस्टातल्या राखीच्या पाकिटाला दंडाधिकाऱ्याचं संरक्षण आहे, आणि एकसष्ट घरांचे पत्ते माझ्या अंगठ्यावर अवलंबून!

अरुण जेटली यांच्या फोनचे तपशील परस्पर काढल्याचं प्रकरण २०१३ मध्ये गाजलं. त्यानंतर मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याच्या नोंदी, मागण्याचा अधिकार अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरता ठेवला गेला. तरी २०१८ च्या सुरुवातीला ठाणे गुन्हे शाखेनेच सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. त्या कामगिरीबद्दल ठाणे पोलिसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मला त्यातून दिसतं ते हे, की या माहितीला बाजारात भाव आहे. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो लावायला काय लागतं? त्या रात्री पलीकडे खरोखर पोलीस होते हे माझं नशीब. एखाद्या घर सोडून आलेल्या बाईचा नवरा असता तर? तिचा नवा पत्ता मीच त्याच्या हातात दिला असता.

त्यात डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने आमच्या परवान्याची अट बदलली, तेव्हापासून ग्राहकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी एकाऐवजी दोन वर्षं सांभाळाव्या लागतात. सांभाळतो. दहा बाय बाराच्या गाळ्यात, शटरला दोन कुलपं लावून.

परवाना दिल्लीचा असला तरी पोलीस आपले आहेत, म्हणून हे तुम्हाला. राज्याच्या सायबर विभागाचं मुख्यालय महापेला आहे, माझ्या गाळ्यापासून फार लांब नाही. तिथून एक साधी खिडकी उघडा. राज्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याची मागणी तिथून, सरकारी ईमेलने, क्रमांकासह यावी. गुन्हा क्रमांक, कलम, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, आयपी, पोर्ट, वेळ, आणि ती वेळ भारतीय की यूटीसी, हे रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकूच नये. खरा अधिकारी असेल त्याला यात पाच मिनिटं जातील. जीव जायची वेळ असेल, अपहरण असेल, तर फोनवर मागा, मी रात्री दोनलाही उठेन. कागद दुसऱ्या दिवशी द्या, पण द्या.

वर्षाला अशा किती मागण्या केल्या त्याचा आकडा विधिमंडळात ठेवा. गुगल २०१० पासून जगभरच्या सरकारांच्या मागण्यांचे आकडे छापतं, भारताचेही. माझ्या ग्राहकाला ते अमेरिकेतून कळतं, मंत्रालयातून नाही. आणि ज्यांना चुकून बोलावलं गेलं, त्यांना ‘तुमचा संबंध नाही’ एवढी एक ओळ पाठवायची सोय करा.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. काउंटरमागे एक आवक वही ठेवली आहे : मागणी कधी आली, कुणाकडून, कागद होता का, काय दिलं. तुमच्या कुणाही अधिकाऱ्याने येऊन तपासावी. तिचं पहिलं पान ती एकसष्ट नावांची रात्र आहे, मीच मागाहून लिहिलंय.

परवा पुन्हा एक मेसेज आला. आयपी, तारीख, ‘अर्जंट’. मी लिहिलं, “साहेब, कागद पाठवा, तासाभरात माहिती देतो.” दोन निळ्या टिका लगेच आल्या. कागद हे लिहीपर्यंत आलेला नाही.

आपला नम्र,
ऐरोलीतला एक इंटरनेटवाला