दादा रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होते

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या अपघाताच्या खटल्यातल्या निकालानंतर मी फोन केला तेव्हा "कुठे लिहिलंस तर माझं नाव घालू नकोस हं" असं तुम्ही आधीच बजावलंत. पण पत्र लिहायचं नाही, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. त्यामुळे लिहिते आहे. गेला आठवडाभर रात्री झोप येत नाही. आनंद म्हणावा असंही काही नाही, पण आत काहीतरी भरून आलंय आणि ते कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता, हे आज सांगून टाकते. फोर्टातलं सेशन्स कोर्ट, जुन्या सचिवालयाची ती काळवंडलेली दगडी इमारत. लालबागहून आईला टॅक्सीने आणलं होतं, कारण गुडघ्यांमुळे तिला बसची पायरी चढवत नाही. वडिलांना उडवणाऱ्या ड्रायव्हरला झालेली शिक्षा फार कमी आहे, म्हणून आमच्या वकिलांनी आमच्या नावाने अपील घातलं होतं. तुम्ही सरकारतर्फे उभ्या राहिलात आणि दोन मिनिटांत म्हणालात की हे अपील कायद्यात बसत नाही. जजसाहेबांनी मान डोलावली, अपील फेटाळलं, पुढचा नंबर पुकारला. मला वाटलं, झालं! सरकारी वकीलसुद्धा त्याच्याच बाजूची निघाली.

आमचे वकील "बघू, हायकोर्टात टाकू" म्हणत जिना उतरून निघूनही गेले. वीस हजार घेतले होते त्यांनी. मॅडम, कायदा मला आता तुमच्यामुळे थोडा कळतो. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली, तर पीडिताच्या घरच्यांना अपील करता येतं. ती सोय 2009 च्या शेवटी कायद्यात आली. पण शिक्षाच कमी झाली, असं म्हणायचं असेल तर आम्हाला दार बंद. तिथे फक्त सरकार अपील करू शकतं. सुप्रीम कोर्टाने हे 2020 साली स्पष्ट सांगितलंय. हे त्या वकिलांना ठाऊक नव्हतं का? की ठाऊक असून पैसे घेतले? चार महिने गेले आमचे त्यात, आणि अपिलाची मुदत केव्हाच उलटली.

पण मी पुढेच पळते आहे. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

माझे वडील, घरी आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गिरणी कामगार होते. ब्याऐंशीच्या संपानंतर वॉचमनची नोकरी केली, शेवटपर्यंत पहाटे साडेचारला उठायची सवय सुटली नाही. डिसेंबर 2017 मधल्या एका पहाटे दूध आणायला निघाले आणि आंबेडकर रोडवर सिग्नल तोडून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. पिशवी आणि एक चप्पल दुभाजकापाशी सापडली, दुसरी चप्पल मिळालीच नाही. खटला पाच वर्षं चालला. तेवढ्यात सरकारी वकील तीन बदलले. आम्ही दर तारखेला जायचो आणि त्यातल्या एकानेही आम्हाला "तुम्ही कोण?" असं विचारलं नाही. ज्या दिवशी तो दोषी ठरला, त्या दिवशी शिक्षेबद्दल काय म्हणायचंय असं कोर्टाने सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "योग्य तो हुकूम व्हावा." बास. पाच वर्षांच्या शेवटी दादांच्या बाजूने बोललेले शब्द एवढेच.

शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या त्या जुन्या 304-अ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं होती, पण कमीत कमी काहीच नव्हतं. त्यामुळे असंही चालायचं. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. तो मागच्या बाकावर बसून राहिला. शेजारी एक हवालदार. दुपारी त्याच्या भावाने वडापाव आणून दिला. पाचच्या सुमारास जजसाहेब उठले, तो उभा राहिला, सही केली आणि बाहेर पडला. आई माझा हात धरून विचारत होती, "अगं, तो कुठे चालला?"

मी काय सांगणार? "घरी," म्हटलं.

नंतर जो भेटला त्याने एकच सांगितलं. क्लेमचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं, नात्यातल्या लोकांनीही सांगितलं. "आता का उकरून काढताय? माणूस परत येणार आहे का?" या एका वाक्याने मला जेवढं छळलंय तेवढं त्या ड्रायव्हरनेही छळलं नसेल. माणूस परत येणार नाही हे आम्हाला शिकवायला लोक लागतात का?

तर तो जिना. अपील फेटाळलं गेलं, मी आईला धरून उतरत होते आणि आई अर्ध्यातच पायरीवर बसली. तिला उठवत नव्हतं. तेवढ्यात तुम्ही मागून आलात, हातात फायलींचा गठ्ठा, काळा गाऊन अजून अंगावर. तुम्ही म्हणालात, "मावशी, मी आत खरं तेच बोलले. तुमचं अपील टिकणारं नव्हतं. पण सरकारला करता येतं आणि ते करावं असं माझं मत आहे. निकालाची नक्कल आहे का तुमच्याकडे?"

नक्कल माझ्या पिशवीत होती. तुम्ही ती उभ्याउभ्या चाळलीत. मग आईला विचारलंत, "यात काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलंय का?"

कोणीच नाही. निकाल इंग्रजीत. मी वाचला होता, पण आईला सगळा सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. तिला शिक्षा तेवढी माहीत होती.

आणि तुम्ही तिथे पायरीवर बसलात. साडी सावरून, त्या धुळीत, माणसं अंगावरून चढ-उतार करत असताना. पहिल्या पानापासून मराठीत वाचायला लागलात. "मयत हा रस्त्याच्या डाव्या कडेने..." एवढं वाचून थांबलात. आईचा चेहरा बघितलात. मला विचारलंत, "घरी काय म्हणायचात त्यांना?" मी म्हटलं, दादा. आई म्हणाली, "मीपण दादाच म्हणायचे, पोरं झाल्यापासून."

तुम्ही पुन्हा सुरुवातीपासून वाचलंत. "दादा रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होते. दादांच्या हातात दुधाची पिशवी होती. गाडी परळच्या बाजूने आली. साक्षीदार नंबर दोनने दादांना पडताना पाहिलं." बावीस पानं. जिथे जिथे मयत तिथे तिथे तुम्ही दादा म्हणालात, एकदाही चुकला नाहीत. पोस्टमॉर्टेमच्या परिच्छेदाशी तुमचा आवाज खाली आला आणि तुम्ही आईला विचारलंत, "हे वाचू का, की सोडू?" ती म्हणाली, वाचा. तुम्ही वाचलंत.

पंचनाम्यापासून निकालापर्यंत माझे वडील कागदोपत्री 'मयत इसम' होते, वय वर्षं 64. इतकी वर्षं त्या शब्दाला मी सरावले होते, मीसुद्धा अर्जात मयतच लिहायचे. त्या दिवशी पायरीवर बसून पाऊण तास मी दादा, दादा, दादा ऐकत होते, आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदाच मला मोकळं रडू आलं.

शेवटच्या पानावर शिक्षेची कारणं होती. आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घर त्याच्यावर अवलंबून आहे, खटल्याचा त्रास त्याने बराच सोसला आहे. आईने विचारलं, "आणि आपलं काय लिहिलंय?" तुम्ही पान उलटून बघितलंत, परत मागे गेलात, नीट शोधलंत. मग म्हणालात, "काही नाही लिहिलेलं, मावशी. म्हणूनच अपील करायला हवं."

मग आई जे बोलली ते तुम्ही जजसाहेबांना जवळजवळ तसंच सांगितलंत, म्हणून इथेही लिहिते. ती म्हणाली, "कोणाचं पोर तुरुंगात सडावं असं मला नाही वाटत. पण संध्याकाळी पाचला घरी?"

पुढच्या कागदपत्रांबद्दल लिहीत नाही. तुमचा अभिप्राय, मंत्रालयातला विधी विभाग, मुदत उलटल्याचा माफीचा अर्ज, ते सगळं तुम्ही ओढलंत, आम्ही फक्त सह्या केल्या. एवढं मात्र सांगायलाच हवं की तुम्ही आम्हाला खोटी आशा लावली नाहीत. शिक्षा वाढवायचं अपील झालं की आरोपीलाही त्याच अपिलात निर्दोष सुटायची मागणी करता येते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलंत. "उलटंही होऊ शकतं. घरी जा, विचार करा, मग सांगा." ज्यांनी पैसे घेतले त्यांनी आम्हाला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तुम्ही तर आमच्या कोणीच नव्हतात.

कोर्टात त्याचे वकील म्हणाले की माणूस सुधारला आहे, भरपाई मिळाली आहे, आता आणखी काय हवं. तेव्हा तुम्ही 2015 सालचा सुप्रीम कोर्टाचा पंजाबातला निकाल काढलात. दोन माणसं गेली होती आणि हायकोर्टाने थोडी भरपाई बघून भोगलेल्या 24 दिवसांवर आरोपीला सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते सहा महिने केले. त्याआधीचा 2000 सालचा हरियाणाच्या ड्रायव्हरचाही दिलात. आणि मग आपल्या मुंबईचा, कार्टर रोडचा. तो मला ठाऊक होता, कारण त्या वेळी चाळीत सगळे त्याबद्दल बोलायचे. नोव्हेंबर 2006, फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले आणि खालच्या कोर्टात सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा हायकोर्टाने स्वतःहून ते प्रकरण हातात घेतलं, सरकारनेही अपील केलं, गंभीर कलम लागलं आणि तीन वर्षं झाली. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मी तुमचं ऐकत होते आणि मनात एकच येत होतं. त्या मजुरांच्या घरचे लोक मुंबईच्या कुठल्या कोर्टाच्या पायरीवर येऊन बसणार होते? कोणालातरी स्वतःहून वाटावं लागतं.

तेच तर तुम्हाला वाटलं. त्यासाठी तुम्हाला कोणी जाब विचारणार नव्हतं, कोणी शाबासकीही देणार नव्हतं. अपील फेटाळलं गेलं तिथेच तुमचं काम संपलं होतं, फायली उचलून चहा प्यायला गेला असतात तरी कोणाचंच काही चुकलं नसतं. आपण उठता-बसता व्यवस्थेला शिव्या घालतो. मीही घातल्यात, आजही घालते. पण तिच्यात अधूनमधून असा एखादा माणूस बसलेला असतो, जो आपली पायरी सोडून समोरच्याच्या पायरीवर येऊन बसतो. तुमच्या कोर्टातल्या त्या शिपायाने आईला खुर्ची आणून दिली, कोणी सांगितलं नसताना. तुमच्या हाताखालच्या नवीन वकील मुलीने प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री मेसेज केला, "उद्या आहे, मावशींना गोळ्या घेऊन आणा." असे लोक दिसले की माझ्यासारखीला दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चढायचं बळ येतं.

सहा महिने साधी कैद. निकाल वाचला गेला तेव्हा त्याची बायकोही समोरच्या बाकावर होती आणि ती रडत होती. आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तो हायकोर्टात जाणार म्हणतात. जाऊ दे, तो त्याचा हक्क आहे, आणि हे वाक्यही मी तुमच्याकडूनच शिकले. पण या वेळच्या निकालात एक परिच्छेद आमच्यावर आहे. आईचं वय, तिचे गुडघे, दादांचं पेन्शन बंद झाल्यावर घर कसं चाललं, सगळं लिहिलंय. त्या परिच्छेदाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

आई तुम्हाला साडी देणार होती. तुम्ही नाही म्हणालात, सरकारी नोकरीत चालत नाही म्हणालात. ती थोडी रुसली आहे तुमच्यावर. नव्या निकालाची नक्कल तिने पत्र्याच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. मी तिला म्हटलं, बस, तुला वाचून दाखवते. मी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला तिने मला थांबवलं. म्हणाली, "तू नको. त्या बाईंना सवड झाली की त्या वाचतील."

तर मॅडम, एखाद्या रविवारी लालबागला या. साडीचा विषय निघणार नाही. चहा आणि कांदेपोहे, एवढंच. आणि येताना वाचायचा चष्मा तेवढा आठवणीने आणा. या वेळी एकतीस पानं आहेत.

तुमची,
दादांची मोठी मुलगी