कारवारच्या समुद्राचा तळ आत्ताच मोजून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात मराठा सेंटर आहे त्यामुळं लष्कराची बातमी आपल्याकडं पहिल्या पानावर येते, पण कारवारच्या नेव्हीचं काही असलं तर आत कुठंतरी चार ओळी. बेळगाव, कारवार, निपाणी असं एका दमात म्हणतच आम्ही मोठे झालो, कारवार काय परकं आहे का.

आयएनएस कारवार नावाची बोट होती, समुद्रातले सुरुंग काढणारी. २०१७ ला ती रिटायर झाली, २०१९ ला त्या जातीची शेवटची आयएनएस कोझिकोड पण गेली आणि तेव्हापासून नेव्हीकडं या कामाची खास बोट एकपण नाही. नवीन १२ बोटींना जुलै २०२५ ला पहिली मंजुरी मिळालीय, पण बांधून पाण्यात उतरायला वर्षं जाणार. इकडं कारवारच्या नेव्ही बेसवर विक्रमादित्यसारखी विमानवाहू नौका येऊन उभी राहते, बंदराच्या तोंडाशी एक सुरुंग पडला तरी सगळं अडकलं.

तोवर रोबो पाणबुड्या आणा की! आत माणूस नाही, टॉर्पेडोसारखी नळी. पाण्याखाली जीपीएस चालत नाही म्हणून स्वतःचा वेग नि दिशा मोजत जाते, आणि नांगराचे तास घ्यावेत तशी तळावरनं इकडून तिकडं फिरते, दोन्ही बाजूला आवाज सोडते आणि परत आलेल्या आवाजावरनं तळाचं चित्र काढते, त्यात पडलेल्या वस्तूची सावलीसुद्धा दिसते. काळी नदी पावसाळ्यात गाळ आणते, त्यात कॅमेरा आंधळा होतो, आवाजाला तेवढं नडत नाही. अमेरिकेनं २००३ ला इराकच्या उम्म कसर बंदरात हेच केलं, कारण १९९१ ला त्यांच्या दोन युद्धनौका एकाच दिवशी सुरुंगावर गेल्या होत्या. आता आपल्या डीआरडीओच्या विशाखापट्टणच्या लॅबनं पण माणसांना उचलून नेता येतील असे रोबो बनवलेत.

माझं म्हणणं एवढंच की ते आले की लढाईची वाट बघत कपाटात ठेवू नका. तळावर जुनी पिंपं, नांगर, दगड असं कायकाय पडलेलं असतं, त्यातला सुरुंग कुठला हे ऐनवेळी कसं कळणार? आधीचा नकाशा असला तर काल नव्हतं ते आज कुठनं आलं एवढंच बघायचं. आमच्या गल्लीतली दोन पोरं नेव्हीत आहेत, त्यांना अंदाजानं त्या पाण्यात उतरवायला लागू नये. पहिले रोबो कारवारला द्या आणि पाऊस संपला की सर्व्हे सुरू करा, एवढं आपल्या पेपरनं खासदारांना विचारावं.

एक वाचक, खानापूर