तुमचे बोट एक ओळ वर गेले

आदरणीय मास्तरांना,
सप्रेम सलाम.

पोवई नाक्यावरून तुमचे घर चालत दहा मिनिटांवर आहे, तेव्हा हे पत्र मला स्वतः आणून देता आले असते. तरीही ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण जी गोष्ट मी अकरा वर्षे लपवली तिच्यातून बाहेर काढणाऱ्या माणसाचे आभारही लपूनच मानावेत, हे मला बरे वाटत नाही.

माझा अपराध थोडक्यात सांगतो. वडील वारल्यावर मी आक्काला सांगितले की त्यांच्या आजारपणातल्या कर्जापायी घर आणि शेत दोन्ही जाणार, आणि तिने आपला हक्क सोडला तरच काही वाचेल. कर्ज होते, पण मी सांगितले त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेही नव्हते. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो, हे मला ठाऊक होते आणि तिला नव्हते. तिने माझ्यावर विश्वास ठेवून हक्कसोडपत्रावर सही केली.

तुमच्याकडे येण्याआधी मी सल्ल्यासाठी तिघांकडे गेलो होतो. पहिल्यांनी सांगितले की दस्त नोंदलेला आहे, सही तिची आहे, मग यात पाप कुठले? दुसऱ्यांनी माझे बोलणे पुरते ऐकलेही नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, येऊ नका म्हणाले आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही, म्हणजे दार लावले आणि परत यायचे कसे तेवढे सांगायचे राहिले. तिसरे फार गोड बोलले. ख्रिस्ताच्या रक्ताने सर्व धुतले गेले आहे, आता जुने उकरू नका, असे त्यांनी सांगितले. त्या रात्री मला शांत झोप लागली, आणि आज त्या झोपेचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण तेव्हाही कऱ्हाडला आक्का भाड्याच्या घरात राहत होती. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारला आहे आणि तिथेच तो ठामपणे नाकारला आहे. ही ओळ त्या गृहस्थांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

तुम्ही मात्र माझे सगळे ऐकून घेतलेत, मध्ये एकदाही ‘असू दे’ म्हणाला नाहीत, आणि मग बायबल पुढे सरकवून निर्गम या पुस्तकातला दहा आज्ञांचा विसावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितलेत. मी मनाची तयारी करूनच आलो होतो. चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, लोभ धरू नको, या तीन आज्ञांशी मला थांबवले जाणार हे मी गृहीत धरले होते. म्हणून मी सरळ पहिल्या आज्ञेपासून, म्हणजे तिसऱ्या ओवीपासून, वाचायला सुरुवात केली. तुम्ही पानावर बोट ठेवलेत, ते एक ओळ वर नेलेत आणि एवढेच म्हणालात, “इथून.”

ती दुसरी ओवी शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, आम्हाला पाठ होती, पण आज्ञा म्हणायला लागलो की आम्ही ती गाळत असू, कारण तिच्यात करू नको असे काहीच नाही. तिथे देव इस्राएल लोकांना केवळ आपली ओळख सांगतो: मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून तुला बाहेर आणणारा तो मी. सुटकेच्या रात्रीचा वल्हांडणाचा कोकरा बाराव्या अध्यायात, समुद्र ओलांडणे चौदाव्यात, आणि आज्ञा विसाव्यात. सुटका आधी झाली, नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, मागून आले. आधी आज्ञा पाळा, मग सोडवतो, असा सौदा असता तर त्या विटा पाडणाऱ्यांपैकी एकही जण मिसरमधून बाहेर पडला नसता. चाळीस वर्षे मी हा अध्याय वाचत होतो आणि चाळीस वर्षे तो एक ओळ खालून वाचत होतो.

त्यानंतर तुम्ही बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट काढलीत. झाडावर चढलेल्या त्या जकातदाराने एक पैसाही परत केलेला नसताना येशूने त्याला सांगितले की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. अट घातली नाही, हिशेब मागितला नाही. अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे बायबलच्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे देण्याचा दंड निर्गमात आहे. जक्कयाने आपण होऊन चौपटीचा दंड स्वतःला लावून घेतला आणि वर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. कृपेने त्याच्यासाठी नियम सैल केला नाही. जो नियम त्याला आजवर नकोसा होता तो पाळण्याचे बळ त्याच्यात आले. कृपा मागावी म्हणून नियमशास्त्र दिले गेले आणि नियमशास्त्र पाळता यावे म्हणून कृपा दिली गेली, असे ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्याने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे, हेही तुम्हीच सांगितलेत.

माझी पत्नी रोमन कॅथलिक घरातली आहे, त्यामुळे विश्वास मोठा की कर्मे, हा वाद आमच्या जेवणाच्या ताटावर पुष्कळदा झालेला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन (प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक मंडळ्यांनी मिळून एक संयुक्त जाहीरनामा केला, आणि माणूस कर्मांच्या योग्यतेने नव्हे तर केवळ कृपेने नीतिमान ठरतो व सत्कर्मे हे त्याचे फळ असते, असे दोघांनी एकत्र मान्य केले, हे तुमच्याकडून कळल्यावर आमच्या घरातला तो वाद बराच निवळला. पौलाने नियमशास्त्राला बालरक्षक म्हटले आहे. तो शिक्षक नव्हता, मुलाला हात धरून शाळेपर्यंत नेणारा घरचा दास होता, हा तुम्ही उलगडलेला अर्थ मला फार जवळचा वाटला, कारण मला त्या दुसऱ्या सद्गृहस्थांनी रस्त्यातच सोडून दिले होते आणि तुम्ही दारापर्यंत आलात.

याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी देवाचा दरबार सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवले. नियमाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे आधी माणूस म्हणून पाहणारे लोक या गावात तेव्हा होते आणि आजही आहेत, हे तुमच्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो.

कागदपत्रांचे काय आणि कसे केले ते इथे लिहीत नाही. मी आक्काकडे गेलो, खरे सांगितले, आणि तिचा वाटा व अकरा वर्षांच्या उत्पन्नातला तिचा हिस्सा तिच्या हवाली केला. तिने मला क्षमा केली असे मी लिहू शकत नाही. दाजी उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. आक्काने चष्मा लावून सगळे कागद दोनदा वाचले, चहा ठेवला, आणि कप हातात देताना विचारले, “हे तुला कुणी करायला लावलं?”

“कुणीच नाही,” मी म्हणालो. परतीच्या एसटीत, उंब्रजच्या पुढे कुठेतरी, माझ्या ध्यानात आले की अकरा वर्षांत आक्काला मी दिलेले ते पहिले पूर्ण खरे उत्तर होते.

तुमचा ऋणी,
शब्बाथशाळेतला तुमचा जुना विद्यार्थी
सातारा