बारा आणे सापडले, काका

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

"नाव-बिव कुटं छापू नगंस," असं तुम्ही बजावलंय. म्हणून तुमचं नाव नाही, दुकानाचंही नाही. कोल्हापुरात गंगावेशीकडच्या एका बोळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं एक दुकान अजून उघडं असतं, एवढंच लिहितो. तुम्ही मोबाइल फक्त बोलायला वापरता, तेव्हा हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला आधीच सांगून ठेवतो, मध्ये थोडं कॉम्प्युटरचं येईल. तिथं आजोबा डोळे मिटून घेतील, पण झोपलेले नसतात.

जूनच्या पावसात कॅसेट घेऊन आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "गाणी कुनाची?" गाणी नाहीत, हिशोब आहे म्हणालो, तर तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलंत की मी परत फिरणारच होतो.

तो हिशोब गुळाचा होता. १९८७ साली, बारावीच्या सुट्टीत, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी पट्टी काढायचा प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती, वजन किती, सौद्यात भाव काय निघाला, आणि अडत, तोलाई, हमाली वजा जाता हातात काय पडणार. मशीन म्हणजे मामांनी मस्कतहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, छोटा घरगुती कॉम्प्युटर. रबरी बटणं, ४८ के मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही. फ्लॉपी आमच्या स्वप्नातही नव्हती. प्रोग्राम ठेवायचा तो कॅसेटवर, ज्या टेपरेकॉर्डरवर आई अभंग ऐकायची त्याच टेपरेकॉर्डरने.

२०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. खालच्या कपाटातला स्पेक्ट्रम गेला. कॅसेट माळ्यावर होती म्हणून राहिली, पण ओल लागून फितीला बुरशी धरली. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम हाच त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, असतो, त्यामुळे ती फीत गेली की सगळंच गेलं. १९७५ साली अल्टेअर या सुरुवातीच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या बेसिकचा छापील कोड बिल गेट्सनी २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यांच्याकडे कागदांची चळत होती. माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता.

तुमच्याकडे यायच्या आधी मी काय काय करून बसलो होतो ते तेव्हा सांगितलं नाही, लाज वाटली. एका ठिकाणी कॅसेट पाठवली, त्यांनी पैसे घेतले आणि "फीत मेलेली आहे" असा शेरा मारून परत केली. मग घरीच यूएसबीवाला प्लेयर आणून लॅपटॉपला जोडला. खरखरीतून अक्षरं वेगळी करायला एकामागून एक तीन प्रोग्राम लिहिले. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस. दोष सॉफ्टवेअरमध्येच असणार आणि तो मलाच सापडणार, हे मी गृहीत धरलं होतं.

तुम्ही कॅसेटचे पाच स्क्रू काढलेत आणि वर्तमानपत्रावर सगळं मांडलंत. फीत वाचणाऱ्या हेडवर ती दाबून धरणारी लोकराची गादी गळून कोपऱ्यात पडली होती. तिच्याखालची पितळी पट्टी काळी पडलेली. "दाबच न्हाई तर वाजंल कसं?" एवढं बोलून तुम्ही फीत दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात घालायला घेतलीत, बुरशी चिंधीने टिपत टिपत, हातभर फीत झाली की थांबून. त्यातच दोन दुपारी गेल्या. मी घाई करत होतो. फीत एका जागी मुडपली होती, तेवढा तुकडा कापून चिकटपट्टीने जोडू या म्हणालो, आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "गान्यातली अर्दी वळ गेली तर मान्सं मनानं भरून काढत्यात. तुजं मशीन भरून काढंल व्हय?"

घरी जाऊन गणित केलं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. स्पेक्ट्रमच्या हिशोबाने एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ३५ अक्षरं बसतात. जोडकामात मी सहज दीड-दोन ओळी कात्रीखाली घातल्या असत्या. तुम्ही मात्र तो मुडपा काचेवर ठेवून नखाच्या पाठीने चोळून चोळून सपाट केलात.

आणि मग तो दिवस. तुम्ही जुना डेक काढलात, कान स्पीकरला लावलात. आधी ती लांब शिट्टी, मागून खरखर. मी लॅपटॉपवरच्या आलेखाकडे बघत होतो, तुम्ही भिंतीकडे. म्हणालात, "शिट्टी बरी हाय. खरखर मऊ पडल्या. वरचा सूर न्हाई."

काका, हे तुम्हाला तेव्हा नीट समजावता आलं नाही, आता सांगतो. ती शिट्टी साधारण ८०० हर्ट्झची असते, फक्त "आता येतंय, तयार राहा" हे सांगायला. मागची खरखर दोन सुरांची बनलेली असते. कॉम्प्युटरचं सगळं एक आणि शून्य या दोन आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यातला एक म्हणजे खालचा सूर, हजार हर्ट्झच्या आसपास. शून्य म्हणजे वरचा, त्याच्या दुप्पट. वरचा सूर दबला की शून्यं बुडतात. मी तीन प्रोग्राम लिहून जे शोधत होतो ते तुम्हाला एका कानाने ऐकू आलं होतं.

मग तुम्ही घड्याळजीचा असतो तसला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हेडशेजारचा स्क्रू फिरवायला लागलात. पाव आटा इकडे, केसभर तिकडे. "ज्या टेपवर भरलंय त्येच्या हेडाची मान वाकडी आसनार. वाकड्याला वाकडंच लागतंय." आणि एका जागी खरखर अचानक करकरीत झाली, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. तुम्ही हात काढून घेतलात आणि चहा सांगितलात.

त्याच संध्याकाळी एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, पडद्यावर प्रोग्रामचं नाव उमटलं, पट्टी. शेजारी कडेने निळे-पिवळे पट्टे नाचत होते. पोरगा होतो तेव्हा हे पट्टे बघताना श्वास रोखून धरायचो, कारण शेवटच्या क्षणी "टेप लोडिंग एरर" आला की सगळं पहिल्यापासून. या वेळीही आला. मुडप्याने घात केला होता. पण आता दुखणं एवढ्याशा जागेपुरतं उरलं होतं, आणि तिथून पुढचं काम माझं होतं.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे हमालीच्या ओळीत चारच अक्षरं गेलीत हे कळलं. नेमका दर गेला होता. पण स्पेक्ट्रमच्या बेसिकला एक सवय आहे. ओळीतला प्रत्येक आकडा तो दोनदा ठेवतो: एकदा आपण टाइप केलेला, आणि लगेच त्याच्या मागे, पडद्यावर न दिसणारा, मशीनच्या सोयीचा पाच बाइटांचा (एक बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा). ते पाच बाइट शाबूत होते: १२८, ६४, ०, ०, ०. कागदावर मांडलं, उत्तर आलं ०.७५. चार अक्षरं, बरोबर बसली. शेवटचा पडताळणीचा बाइटही जुळला. तुम्हाला फोन केला, रव्यामागे पाऊण रुपया हमाली होती म्हणून. तुम्ही म्हणालात, "म्हंजे बारा आने. मला इचारला आस्तास तरी सांगितलं आस्तं."

फितीवर मागे १६८ बाइटांचा आणखी एक तुकडा निघाला. आलेखाच्या वहीत आठ बाय आठचे चौकोन रंगवून मी बनवलेले मराठी अंक. ते तुम्हाला दाखवायला लॅपटॉप घेऊन आलो, तर तुम्ही पाचावर बोट ठेवून "ह्यो पाच न्हवं" म्हणालात. खरंच नाही तो.

आता कबुली. इतकी वर्षं मी घरीदारी सांगत आलो की सतराव्या वर्षी कसला चोख प्रोग्राम लिहिला होता. परवा ओळन् ओळ वाचली. शेतकऱ्याला द्यायच्या रकमेला मी इंट लावलाय, म्हणजे वरचे पैसे सरळ कापले. आणि अडत, तोलाई काढताना मात्र वरचा पुरा रुपया धरलाय. कुणी सांगितलं होतं की मीच सोयीचं म्हणून केलं, आठवत नाही. पट्टीमागे एखाद-दोन रुपये असतील. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही सोल्डरिंगवरून मान न उचलता म्हणालात, "चाळीस वर्सं चोरी टेपवर जपून ठिवलीस की रं." ती ओळ मी दुरुस्त केलेली नाही. जशी होती तशी ठेवलीय, शेजारी आजच्या तारखेची टीप घालून.

तुम्ही १८० रुपये घेतलेत. ३० कवचाचे, १५० मजुरीचे. जास्त द्यायला गेलो तर दुकानाची फळी लावायला निघालात. म्हणून हे पत्र. मनापासून आभार, काका. कान दिलात त्याबद्दल, आणि ओरडलात त्याबद्दलही.

तुमचा,
गुळाच्या हिशोबवाला

ता.क. डेकचा पट्टा पुन्हा सैल झालाय, आवाज घरंगळतो. गुरुवारी घेऊन येतो. आणि माझी छत्री तुमच्याकडेच राहिलीय, ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यामागे बघा.